चाकावरचा भोपळा

एका जंगलात, मुलांनो, खरोखरचे रस्ते होते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुष्कळ जंगलांत रस्त्यांची नुसती उद्घाटनं असतात.

या रस्त्यांवर खड्डे होते, खड्ड्यांत पाणी होतं आणि पाण्यात म्हशी बसलेल्या होत्या. प्रत्येकाने आपापल्या डाव्या बाजूने जावं असा नियमही होता. तो सगळ्यांना पाठ होता. कुणी विचारला तर लगेच म्हणून दाखवत. पाळायचा असतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

या जंगलात विश्वंभर नावाचं एक अस्वल राहत असे. विश्वंभर मनाचा मोठा होता. बायकोवर त्याचं प्रेम होतं. मधावर प्रेम होतं. आणि झोपेवर तर इतकं प्रेम होतं की ती त्याला सोडून राहूच शकत नसे. सभेत झोप लागे, पंगतीत लागे. स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागे लागली होती. मंगलाष्टकं संपल्यावर मामाने कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे इंदुमतीच्या गळ्यात माळ पडली.

त्या इंदुमतीच्या भावाला, घाटापलीकडे, मुलगा झाला.

लग्नाला कितीतरी पावसाळे उलटल्यावर झालेला मुलगा. इंदुमतीने निरोप ऐकला आणि ती अंगणात गोल गोल फिरू लागली. कारण अस्वलांत बाळाचं नाव आत्या ठेवते. आत्याच ठेवते. ते नाव तिने आधी कुणाला सांगायचं नसतं, फक्त नवऱ्याला सांगितलं तर चालतं. बारशाच्याच दिवशी, नंतर नाही, ती ते बाळाच्या कानात सांगते, आणि तिने सांगितलं तरच ते नाव. बाकी कुणी काहीही म्हणो, ती नुसती हाक.

इंदुमतीने नाव केव्हाच ठरवून ठेवलं होतं. भावाच्या लग्नाच्या वरातीत नाचता नाचताच तिला ते सुचलं होतं. इतके पावसाळे ते तिने एकटीने सांभाळलं होतं.

"मला बारशाला वेळेवर पोचायचंय," ती विश्वंभराला म्हणाली. "आणि धडधाकट पोचायचंय. घाट आहे मध्ये. आणि चालवणार तुम्ही."

"मग?"

"मग काही नाही. काळजी वाटते."

बायकोची काळजी मिटवण्याचे दोन मार्ग असतात, मुलांनो. एक, आपण सुधारायचं. दुसरा, काहीतरी विकत आणायचं. विश्वंभर इंदुमतीला घेऊन थेट नव्या गाड्यांच्या दुकानात गेला.

दुकानात रंगनाथ नावाचा सरडा विक्रीला होता.

"ही बघा, सावधान," रंगनाथ गाडीवर थाप मारत म्हणाला. त्या वेळी तो छान हिरवागार होता. "हिच्या कपाळावर काचेचा डोळा आहे. पुढे कुणी आलं की स्वतः थांबते. पांढरा पट्टा धरून स्वतः चालते. पुढच्या गाडीपासून स्वतः अंतर ठेवते."

"मग मी काय करायचं?" विश्वंभराने विचारलं.

"तुम्ही, साहेब, प्रवासाचा आनंद घ्यायचा."

"आणि हिला दिसलं नाही तर?" इंदुमतीने विचारलं.

रंगनाथ थोडा पिवळा पडला. "तसं होत नाही, वहिनी."

"पण झालं तर? घाटात धुकं असतं. काही झालं तर जबाबदार कोण?"

यावर रंगनाथ भिंतीच्या रंगाचा झाला. म्हणजे तो तिथेच होता, मुलांनो, पण दिसत नव्हता. भिंतीतून नुसता आवाज आला. "चालकाने कायम जागं राहायचं. हात चाकावर, नजर रस्त्यावर. गाडीबरोबरच्या पुस्तकात तसं बारीक अक्षरात दिलंय."

"चालकच जागा राहणार असेल तर गाडी जागी कशाला?"

"जोडीला, वहिनी. नुसती जोडीला."

विश्वंभराने हे ऐकलं नाही. तो गाडीत बसून बघत होता. बसल्यावर त्याला झोप लागली. उठल्यावर तो म्हणाला, "सीट उत्तम आहे," आणि कागदावर पंजा उमटवून मोकळा झाला. अस्वलांना लिहितावाचता येत नाही. त्यामुळे बारीक अक्षरांचा त्यांना काही त्रास होत नाही.

आता खरं सांगायचं तर गाडी वाईट नव्हती. दूरच्या एका जंगलात ती बनली होती. तिथले रस्ते सरळ होते, पट्टे ठळक होते आणि म्हशी कुंपणाच्या आत होत्या. तिथे तिने पुष्कळांचे जीव वाचवले होते. पण तिथे चालकालाही आधी शिकवत, की बाबा, हिला काय दिसतं आणि काय दिसत नाही. आपल्या जंगलात गाडी आली, शिकवणं तिकडेच राहिलं. ते जहाजात चढवायला जागा नव्हती म्हणतात.

घरी आणल्यावर गाडीची पूजा झाली. बगळेभटजींनी तिच्या कपाळावर मोठं स्वस्तिक काढलं, नेमकं डोळ्यावर. गाडी जागची हलेना. "समोर काही दिसत नाही," असं ती पीं पीं करून सांगत होती. भटजी म्हणाले, "गाडीत सत्त्व आहे. घरातून पाऊल निघत नाही तिचं." मग इंदुमतीने ओल्या फडक्याने डोळा पुसला आणि गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी विश्वंभर तिला मोठ्या रस्त्यावर घेऊन गेला.

गाडी पुढच्या गाडीपासून बेताचं अंतर ठेवून चालू लागली. आता या जंगलात अंतर म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळी जागा म्हणजे आपली जागा. त्या अंतरात आधी एक कोल्हा घुसला. सावधानने वेग कमी करून पुन्हा अंतर ठेवलं. त्यात मुंगसांचं अख्खं कुटुंब घुसलं. पुन्हा अंतर. मग दोन ससे, एक घोरपड. विश्वंभर सारखा पुढे जात होता आणि सारखा मागे पडत होता. शेवटी एक कासव घुसलं. त्याने जाताना पाय वर करून आभारही मानले. तेच विश्वंभराच्या जिव्हारी लागलं.

पांढऱ्या पट्ट्याची तर वेगळीच तऱ्हा. रस्तेखात्याने पट्टा रंगवला त्या दिवशी एक म्हैस रस्त्यात झोपली होती. खात्याने तिला उठवलं नाही, तिच्याभोवती वळसा घेऊन पट्टा रंगवला. म्हैस केव्हाच उठून गेली होती. पण सावधान तिथे रोज वळसा घेई. गेलेल्या म्हशीची इतकी आठवण तिच्या रेडकानेही ठेवली नसेल.

खड्डा आला की विश्वंभर चाक वळवी. गाडी हळूच, आईच्या मायेने, चाक परत फिरवी आणि पट्ट्याला धरून सरळ खड्ड्यात जाई. तिला पट्टा कळत होता, खड्डा कळत नव्हता. ती तत्त्वाची पक्की होती.

आणि सारखं पीं पीं. चाकावरचा हात निघाला की पीं पीं. जवळ कुणी आलं की पीं पीं. या जंगलात जवळ कुणी नाही असा क्षण बापजन्मी आला नव्हता.

"डोकं उठवलंय हिने," विश्वंभर इंदुमतीला म्हणाला.

"ओरडू दे की. तुम्ही जागे राहता त्याने."

"तोच तर त्रास आहे."

पण मग एक दिवस असं झालं. झुडपातून एक ससा उडी मारून रस्त्यावर आला. विश्वंभराला तो दिसलाच नाही. गाडीला दिसला. गाडीने करकचून ब्रेक लावला आणि सशाच्या मिशांपाशी येऊन थांबली.

मागच्या सगळ्या गाड्यांनी भोंगे वाजवले. "ओ अस्वलराव! मध्येच काय थांबता? रस्ता काय सासऱ्याने दिलाय?" वाचलेला ससाही ओरडला, "डोळे आहेत का बटणं?" आणि तरातरा निघून गेला. जीव वाचवल्याबद्दल आपल्याकडे एवढंच मिळतं, मुलांनो. गाडीला ठाऊक नव्हतं.

विश्वंभराला यातलं काही ऐकू आलं नाही. तो चाकापुढे हात जोडून बसला होता. त्या दिवसापासून गाडी त्याच्या मनातून गाडी राहिली नाही. ती देवी झाली.

"बघितलंस?" त्याने घरी येऊन सांगितलं. "माझ्या आधी तिला दिसलं."

"चांगलं झालं," इंदुमती म्हणाली. "पण तुम्ही कुठे बघत होतात?"

"मी बघणारच होतो."

"अहो, ती एकदा थांबली म्हणजे दर वेळी थांबेल असं नाही."

"देवीची परीक्षा बघू नये," विश्वंभर म्हणाला, आणि वाद संपला. आपल्याकडे वाद असाच संपतो. कशाला तरी देव म्हटलं की पुढचे प्रश्न विचारणारा पापी.

बारसं दोन दिवसांवर आलं. तेव्हा शेजारचे तात्यासाहेब रानडुक्कर कुंपणाशी आले. तात्यासाहेबांकडेही सावधान होती. ते तिच्यात बसून घोरतात हे सगळ्या आळीला माहीत होतं.

"काय विश्वंभरराव, घाट चढणार म्हणे."

"हो. पण ती पीं पीं फार करते हो. तुमची करत नाही?"

तात्यासाहेब हसले. "अजून काढला नाहीत आवाज? अहो, गाडी आणली की पहिलं काम ते. सोपान मिस्त्रीकडे जा."

"आणि हात? हात काढला की वेगच कमी करते."

"दुधी."

"खायचा?"

"बांधायचा! चांगला थोरला दुधी भोपळा घ्यायचा, चाकाला एका बाजूने बांधायचा. चाकाला वजन लागलं की तिला वाटतं हात आहे. फार साधी आहे हो बिचारी. आपल्यासारखी नाही."

विश्वंभराला तात्यासाहेबांच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. कुणीतरी रात्रंदिवस खपून आपला जीव वाचवायची युक्ती काढतो, आणि आपल्यातला कुणीतरी एका भाजीत ती पार उलटवतो. अशा वेळी आपली छाती अभिमानाने फुगते. का फुगते, ते मोठेपणी तुम्हाला कळेल. मला अजून कळलेलं नाही.

सोपान नावाच्या वानराचं गॅरेज वडाखाली होतं. त्याने गाडीचा आवाज जिथून येतो ते भोक शोधलं आणि त्यात मेण भरायला घेतलं.

"मिस्त्री," विश्वंभर म्हणाला, "आवाज बंद केला तर तिला काही सांगायचं असलं की मला कसं कळणार?" हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

"साहेब, गाडीचं ऐकत बसलात तर गाडी चालवणार कधी?"

"तेही खरं."

"सगळे बंदच करून नेतात. तुम्ही एकटेच चालू ठेवणार का?"

एकटेच! विश्वंभराच्या अंगावर काटा आला. दरीत पडायला या जंगलात कुणी भीत नाही, मुलांनो. एकटं पडायला सगळे भितात.

"भरा मेण," तो म्हणाला.

बारशाच्या दिवशी पहाटे दोघं निघाली. इंदुमतीने हिरवी साडी नेसली होती. मांडीवर बाळाचं झबलं होतं, तिने स्वतः शिवलेलं. गाडीत बसल्याबरोबर तिला चाकाला बांधलेला दुधी दिसला.

"हा इथे कशाला?"

"तुझ्या आईला. ताजा आहे."

"मग मागे ठेवा की."

"मागे घुगऱ्यांचं पातेलं आहे, पाळण्याचं सामान आहे. चेचला जाईल."

आईसाठी भाजी नेणारा जावई बघून इंदुमतीला भरून आलं. तिने पुढे काही विचारलं नाही.

घाटाच्या पायथ्यापर्यंत विश्वंभर जागा होता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मग चढ लागला. पट्टा नवा होता, ठळक होता. गाडी वळणामागून वळण झोकात घेऊ लागली. तिचं डुलणं पाळण्यासारखं होतं. विश्वंभराने एक पंजा चाकावरून काढला. काही झालं नाही. दुसरा काढला. काही झालं नाही. भोपळा आपला मुकाट लटकत होता.

'थोडा वेळ डोळे मिटू,' विश्वंभराने मनात म्हटलं. 'देवी आहे.'

इंदुमती बोलत होती. भाऊ लहानपणी कसा मधाच्या पोळ्यात नाक अडकवून बसला होता. वहिनीने किती नवस केले. आणि अस्वलाचे डोळे मुळातच केसांत बुडालेले. ते उघडे की मिटलेले, शेजारी बसलेल्यालाही चटकन कळत नाही.

"ऐकताय ना?"

"हूं."

"एक सांगू? नाव सांगू तुम्हाला? आजवर कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही."

"हूं."

इंदुमती लाजली. तिने काचेबाहेर बघितलं, मग झबल्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ते इतक्या पावसाळ्यांचं नाव सांगितलं. फार हळू सांगितलं. गोष्ट सांगणाऱ्यालासुद्धा ऐकू आलं नाही.

"आवडलं?"

"हूं," विश्वंभर म्हणाला, अगदी मनापासून.

ती खुशीत मागे टेकून बसली. एवढ्या पटकन हे कशालाच हो म्हणत नाहीत, तिला वाटलं. म्हणजे खरंच आवडलं असणार.

आणि मग धुकं उतरलं. आधी विरळ होतं. मग असं दाटलं की गाडीच्या नाकापुढचंही दिसेना. पट्टा नाहीसा झाला, कठडा नाहीसा झाला. सावधानच्या काचेच्या डोळ्याला पांढऱ्यावाचून काही दिसेना.

इथे गाडीने तेच केलं जे तिला शिकवलं होतं. ती प्रामाणिक होती. आपल्याला दिसत नाही हे कबूल करायची तिला लाज वाटत नसे, एवढ्यावरूनच ती आपल्या जंगलातली नव्हती हे ओळखू येतं. तिने चाकापुढचा लाल दिवा लावला. चालकासाठी होता, चालकापुरताच दिसत होता. मग तिने ओरडून सांगितलं, 'मला दिसत नाही! चाक धरा!'

पण तोंडात मेण होतं.

तिने चाक तपासलं. चाकाला वजन होतं. म्हणजे हात आहे. म्हणजे चालक जागा आहे. गाडीचं समाधान झालं आणि तिने मोठ्या विश्वासाने चाक सोडून दिलं.

आता नीट लक्ष द्या. विश्वंभराला वाटत होतं गाडी चालवतेय. गाडीला वाटत होतं विश्वंभर चालवतोय. इंदुमतीला वाटत होतं दोघं मिळून चालवतायत. आणि घाटात, धुक्यात, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असताना, गाडी दुधी भोपळ्याच्या ताब्यात होती. भोपळ्याला दोष देऊ नका. त्याने कुणाला कसलं वचन दिलं नव्हतं.

समोर वळण होतं. वळणावर एका गव्याची लाकडांनी भरलेली गाडी बंद पडली होती. गव्याने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मागे चार धोंडे रचले होते, त्यांत एक मोठी हिरवी फांदी खोचली होती आणि तो चहा प्यायला गेला होता. रस्त्यात खोचलेली फांदी म्हणजे पुढे गाडी बंद आहे, हे आपल्याकडे रांगतं पिल्लूही ओळखतं. सावधानला धुक्याआधी दिसली असती, तरी तिला ती कळली नसती. जंगलात फांदी असते, त्यात घाबरायचं काय?

धुक्यातून एकदम पुढे आलेली फांदी इंदुमतीला दिसली.

"अहो! फांदी!"

"हूं."

"अहो, फांदी! वळवा!"

"हूं," विश्वंभर म्हणाला, अगदी मनापासून.

त्या दुसऱ्या 'हूं'ला इंदुमतीला सगळं कळलं. ती त्याच्या अंगावरून झेपावली. चाक धरायला गेली तर हातात दुधी आला. तिने दुधीसकट चाक ओढलं. गाडी धोंड्यांवर चढली, कड्याला घासली, आडवी झाली आणि थांबली. दरीकडे नाही, कड्याकडे थांबली.

विश्वंभराला फारसं लागलं नाही. झोपलेल्याला लागत नाही. तो जागा झाला आणि म्हणाला, "आलो का?"

इंदुमती पुढच्या फळीवर आपटली होती. तिचा जबडा विचित्र वाकडा झाला होता आणि एक पंजा लोंबत होता. ती शुद्धीवर होती. नवऱ्याकडे बघत होती. तोंड उघडायला बघत होती आणि उघडत नव्हतं.

"इंदू," विश्वंभर म्हणाला. "अगं इंदू."

तोवर धुक्यातून गर्दी जमली. गर्दीने आधी गाडीला एक फेरी मारली.

"नवीन दिसतेय."

"केवढ्याला पडली हो?"

"आत कुणीतरी आहे वाटतं," एक भेकर म्हणालं. तेव्हा इंदुमतीला बाहेर काढलं.

आपल्या जंगलात वैद्याच्या आधी कंपनी येते. रंगनाथ सरडा आला तो झाडांच्या फांद्यांवरून उड्या मारतच आला. त्याने चाक बघितलं, मेण बघितलं, आणि त्याच्या अंगावर सुटकेचा सुंदर गुलाबी रंग पसरला.

"साहेब, गाडीने काम चोख केलंय. तिने तुम्हाला हाक मारली होती."

"मला ऐकू आली नाही."

"तोंडात तुमचं मेण. चाकावर तुमचा हात होता?"

विश्वंभराने आपल्या पंजांकडे बघितलं.

"म्हणजे अपघाताच्या वेळी चालक भोपळा होता," रंगनाथ म्हणाला. "आमचा करार अस्वलाशी आहे. भोपळ्याशी नाही."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, आनंद घ्या!"

"घेतलात ना?" असं म्हणून रंगनाथ धुक्याच्या रंगाचा झाला.

विश्वंभराने मग कुणाचं ऐकलं नाही. त्याने इंदुमतीला पाठीवर घेतलं आणि उरलेला घाट पायी चढून उतरला. सबंध वाटेत त्याला एकदाही झोप आली नाही. ती येऊ शकते आणि न येऊही शकते, हा शोध त्याला तेव्हा लागला. जरा उशिरा लागला.

माहेरच्या अंगणात पाळणा सजला होता. साळिंदर वैद्याने इंदुमतीचा पंजा बांधला. जबडा पळसाच्या पानांत गुंडाळून वेलींनी करकचून आवळला.

"हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही," वैद्य म्हणाला. "एक शब्द बोललात तर जन्मभर वाकडं राहील."

बायकांनी म्हणायला घेतलेला पाळणा मध्येच थांबला. आत्या आली होती. जिवंत आली होती. पण नाव तिच्या तोंडात होतं आणि तोंड बंद होतं.

"आता गं?" बाळाची आई रडवेली झाली. "एवढ्या नवसाचं माझं बाळ. बिननावाचं राहणार का?"

विश्वंभराच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्या म्हणाल्या, "आत्याने नवऱ्याला सांगितलं असेल तर नवऱ्याने सांगितलेलं चालतं. माझ्या बारशाला तसंच झालं होतं. इंदे, जावईबापूंना सांगितलंयस का?"

इंदुमतीचे डोळे एकदम लकाकले. तिने धड असलेला पंजा उचलला आणि नवऱ्याकडे दाखवला. मान जोरजोरात हलवली. जबडा दुखला तरी हलवली. आवडलं म्हणाले होते ते! पटकन म्हणाले होते!

फांदीच्या वेळचा 'हूं' तिला आठवत होता. पण नावाच्या वेळच्या 'हूं'बद्दल तिला अजून आशा होती. बायकांना असते.

"या दाजी, पुढे या," तिचा भाऊ नीलकंठ म्हणाला. सगळ्यांनी वाट करून दिली.

विश्वंभर पाळण्यापाशी गेला. आत एवढंसं काळं बाळ होतं. कान मात्र मोठे होते. विश्वंभर वाकला आणि आठवू लागला. त्याला सीटची ऊब आठवली. गाडीचं डुलणं आठवलं. इंदुमतीचा आवाज आठवला, लांबून वाहणाऱ्या पाण्यासारखा. फार गोड आवाज होता. त्यात शब्द नव्हते. त्याने पहिलं अक्षर तरी सापडतंय का बघितलं. मग शेवटचं. पाणी नुसतं वाहत होतं.

त्याने वर बघितलं. इंदुमती पानांच्या आतून हसत होती. सांगा ना, असं मानेने म्हणत होती.

काहीतरी ठोकून द्यावं, असं त्याच्या मनात आलं. कुणाला कळणार होतं? एकीलाच. ती तर बोलू शकत नव्हती.

"मी झोपलो होतो," विश्वंभर म्हणाला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही.

"हे कसलं नाव?" सासूबाई म्हणाल्या.

"नाव नाही, आई. ती सांगत होती तेव्हा मी झोपलो होतो."

"अहो, पण तेव्हा तर तुम्ही घाटात होता ना? मग गाडी कोण चालवत होतं?"

विश्वंभराने मान खाली घातली. "भोपळा."

इंदुमतीचा उचललेला पंजा हळूहळू खाली आला. ती रागावली असती तर विश्वंभराला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिने नुसती नजर काढून घेतली, जसा कुणी दिलेला जिन्नस परत घेतो.

मग नीलकंठाने विश्वंभराला बाजूला नेलं. खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला.

"दाजी, एक विचारू? राग मानू नका. मीही सावधान बुक केलीय. भोपळा नेमका कुठल्या बाजूला बांधायचा?"

विश्वंभराने त्याला खूप काही सांगितलं. फांदीचं सांगितलं, मेणाचं सांगितलं. 'आलो का' म्हणून विचारलं तेव्हा इंदुमती कशी बघत होती, ते सांगितलं. सांगता सांगता तो रडला. नीलकंठाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे भोपळा बरोबर होता. धुकं नडलं."

पाळण्यात बाळ रडू लागलं. इंदुमतीने एका पंजाने त्याला उचलून मांडीवर घेतलं. आपलं बांधलेलं तोंड तिने त्याच्या कानापाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. पानांतून नुसता श्वास येत होता. बाळ रडायचं थांबलं आणि कान टवकारून ऐकत राहिलं. त्या भरल्या घरात लक्ष देऊन ऐकणारं तेवढं एकच होतं.

तात्पर्य : गाडी जागी असेल तर आपण झोपावं आणि आपण जागे असू तर गाडीला झोपवावं. दोघांनी एकाच वेळी जागं राहणं ही निव्वळ उधळपट्टी आहे.